आफ्राची डावी पोटरी

आफ्राने बॅरोमीटर कधी मागितलं नव्हतं. तरी एका सकाळी ती स्वयंपाकघरात आली तर खिडकीशेजारच्या भिंतीवर ते लटकत होतं. पितळी कड, पांढरी तबकडी, निळा काटा. खाली तिचा नवरा वेंडेलिन हातोडी घेऊन उभा होता आणि स्वतःचाच वाढदिवस असल्यासारखा हसत होता.

"आवडलं?"

"हे कशाला आणलंस?"

"कशाला म्हणजे? काल घड्याळवाल्याच्या काचेसमोर किती वेळ उभी होतीस! मी बोललो नाही, पण पाहिलं सगळं. आयुष्यभर भट्टीत डोकावलो म्हणून काही डोळे गेले नाहीत माझे, चिमणे."

काल घड्याळवाल्याच्या काचेत काय मांडलेलं होतं, हे आफ्राला काही केल्या आठवेना. घड्याळं असावीत. ती थांबली होती ती डाव्या पोटरीत गोळा आला म्हणून. कुणीतरी आतून मूठ आवळावी तशी पोटरी आवळत जायची, आणखी चार पावलं टाकली असती तर ती रस्त्यातच ओरडली असती. उभं राहिलं की मूठ हळूहळू सैल व्हायची. मग पुन्हा चालता यायचं, पुढच्या गोळ्यापर्यंत. आणि भर रस्त्यात बाईमाणसाने उगाच उभं राहायचं तर दुकानाच्या काचेत बघण्याइतकी सोयीची गोष्ट नाही.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पाऊस कळेल."

"पाऊस तर मला गुडघ्यानेही कळतो. पण तुला हवं होतं ना, मग झालं!"

खरं ते सांगायला तिची जीभ रेटली नाही, आणि त्याला दोन कारणं होती. एक कारण तिची आई. आईचं दुखणंही असंच पोटरीतून सुरू झालं होतं. आई ते बरीच वर्षं लपवत राहिली आणि शेवटी केम्प्टनच्या इस्पितळातून एका पायाने घरी आली. त्यानंतर ती खिडकीपाशी बसून असायची, मांडीवर घोंगडी घेऊन, आणि घोंगडीखाली एका बाजूला काहीच नसायचं. आपलाही पाय जाणार, हे आफ्राच्या मनात पक्कं बसलं होतं.

दुसरं कारण वेंडेलिन. बाड एशाखमध्ये त्याची बेकरी होती. गाव झोपेत असताना तो उठायचा आणि संध्याकाळी, बाकीचे नवरे बायकांना घेऊन बाहेर पडायचे तेव्हा, तो घोरत असायचा. आफ्रा इतकी वर्षं एकटी फिरली. आता बेकरी पुतण्याकडे गेली होती आणि रोज संध्याकाळी वेंडेलिन कोट चढवून दारात उभा राहायचा. "चल, चिमणे. मुख्य रस्त्याने चर्चच्या कारंज्यापर्यंत आणि परत." रस्त्यात तो तिचा हात स्वतःच्या कोटाच्या खिशात घालून चालायचा. पाय दुखतो असं म्हटलं की तो तिला खुर्चीत बसवणार, उशी देणार, सूप आणणार, आणि फिरणं बंद. पाय जायच्या आधी फिरणं जाणार. तिला दोन्ही नको होतं.

म्हणून ती गप्प राहिली आणि भेटी येत गेल्या.

बॅरोमीटरमागून टोपी आली, हिरव्या बनातीची, बाजूला कोंबड्याचं पीस. मग अक्रोड फोडायचा अडकित्ता, खारीच्या आकाराचा, शेपटी दाबली की खार चावायची. मग अळंबी साफ करायचा कुंचला. आफ्राने हुशारी करून पाहिली. पोटरी नेमकी लोकरीच्या दुकानासमोर भरून येईल असा वेग ठेवायचा, म्हणजे निदान मोजे तरी येतील. पण पाय काही दुकान बघून दुखत नाही. एका ओल्या संध्याकाळी तो मासेमारीच्या सामानाच्या दुकानासमोर आवळला आणि दोन दिवसांनी वेंडेलिनने टेबलावर एक भलामोठा पुडा ठेवला. आत कमरेपर्यंत येणारे रबरी बूट होते, नदीत उभं राहून गळ टाकण्याचे.

"वेंडल, मला माशांचा वाससुद्धा सहन होत नाही."

"मलाही तेच वाटलं होतं! पण माणूस बदलतो. मनातल्या मनात एखादी इच्छा इतकी वर्षं दाबून ठेवली असेल, आणि मी तिकडे पीठ मळत बसलेलो. घालून तर बघ."

तिने घालून बघितले. आरशात एक म्हातारी बाई दोन काळ्या नळकांड्यांत उभी होती. वेंडेलिन खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होता. आफ्रालाही हसू आवरेना, पण त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी बोचत राहिलं. या माणसाला वाटतंय की बायकोचं आयुष्यभराचं काहीतरी राहून गेलं, आणि तो ते एकेक करून भरून काढतोय.

---

दुखणं लपवण्यापुरता तिचा भरवसा नवऱ्याच्या गैरसमजावर होता, आणि बरं होण्यापुरता पाण्यावर.

बाड एशाखमध्ये पाण्यावर विश्वास नसलेलं माणूस औषधालाही सापडलं नसतं, एक वेंडेलिन सोडला तर. तो म्हणायचा, गार पाणी माशांसाठी आणि पाद्र्यांसाठी, बेकरीवाल्याला कोमट. गावाबाहेर ओढ्याच्या पाण्याचा एक उथळ हौद होता, मधोमध लोखंडी कठडा, बाजूला पाण्याने लोकांची दुखणी बरी करणाऱ्या जुन्या पाद्र्याचा पितळी अर्धपुतळा. लोक येता-जाता त्याच्या नाकाला हात लावायचे, त्यामुळे ते नाक सोन्यासारखं चकाकायचं. रोज सकाळी गावातल्या बायका तिथे जमायच्या, झगे गुडघ्याच्या वर खोवायच्या आणि हौदात उतरून कठड्याभोवती करकोच्यासारखं चालायच्या. प्रत्येक पावलाला पाय पाण्यातून पुरता वर, बोटं खाली, मग पुन्हा आत. पायात कळ उठली की बाहेर. पाणी टॉवेलने पुसायचं नाही, हाताने निपटून काढायचं, लोकरीचे मोजे चढवायचे आणि पाय तापेपर्यंत गवतातून चालायचं.

आफ्रा या बायकांची पुढारी होती, कारण तिने उपचारगृहात पाण्याची नळी हाती धरून नोकरी केली होती. मोठमोठ्या शहरांतून पाहुणे यायचे. त्यांना लाकडी जाळीवर उभं करून ती उजव्या पायाच्या करंगळीपासून धार वर न्यायची, मागच्या बाजूने गुडघ्याच्या वरपर्यंत, तिथे थोडी थांबवून आतल्या बाजूने खाली. गुडघ्यावर पाण्याचा पातळ झगा चढवावा तशी. धार लागली की कातडी आधी पांढरी पडायची, कारण रक्तवाहिन्या अंग चोरून घ्यायच्या. मग थोड्या वेळात त्या मोकळ्या व्हायच्या, रक्त उसळी मारून परत यायचं आणि पाय लालबुंद होऊन झिणझिणायचा. त्या लालीसाठी तर सगळा खटाटोप. पाहुण्यांना ती बजावायची, "गार पायावर गार पाणी कधीच नाही! आधी पाय गरम करा, मग या." कितीतरी मोठ्या हुद्द्याच्या माणसांना तिने थंड पाय बघून दारातून परत पाठवलं होतं आणि आवारात पळायला लावलं होतं.

आणि आता तिचा स्वतःचा डावा पाय हौदातून बाहेर आला की पांढराच राहायचा.

उजवा लाल व्हायचा, भरभर. डावा पिठासारखा. चालून, चोळून, मोजे घालूनही गारच. दुसऱ्या कुणाचा असा पाय पाहिला असता तर आफ्राने त्याला हौदाच्या आसपास फिरकू दिलं नसतं. पण स्वतःच्या बाबतीत तिने वेगळाच हिशेब मांडला. पाणी कमी पडतंय. वय झालं, रक्त सुस्त झालंय, त्याला जास्त जोराने हाक मारायला हवी. ती दुपारीही जायला लागली. हौदात नाही, तर वरच्या अंगाला, जिथे ओढ्यात मेमध्येही बर्फाचं पाणी उतरायचं. सकाळी बायकांच्या देखत ती डावा मोजा सगळ्यात आधी चढवायची.

"किती ती घाई!" वाल्ली म्हणायची. वाल्ली तिची शाळेपासूनची मैत्रीण, पोस्टातून निवृत्त झालेली, सगळ्या गावाची खबर ठेवणारी. "पाद्रीबाबा बघतोय म्हणून लाजतेस काय? त्याने तुझ्यापेक्षा वाईट पाय पाहिलेत."

"माझे मोजे, माझी घाई."

"आणि तुझा नवरा म्हणे तुला मासे पकडायला नेणार. दुकानातली सांगत होती."

"वाल्ली, तू पोस्ट सोडलंस, पण वाटप काही सोडलं नाहीस."

---

जूनमध्ये नगरपालिकेने पाइप टाकायला मुख्य रस्त्याची उजवी बाजू खणली. घड्याळवाला, टोपीवाली, लोकरीचं दुकान, सगळं खड्ड्यापलीकडे गेलं. संध्याकाळी दोघं डावीकडून चालली. त्या बाजूला एक बँक होती, एक दाताचा दवाखाना, आणि मग बरीच लांब पसरलेली एकच काच.

आफ्राने दात आवळून चार पावलं जास्त टाकली. पाचवं पडेना. ती थांबली आणि सवयीप्रमाणे काचेकडे वळली.

आत गुळगुळीत ओकची शवपेटी होती, झाकण अर्धं उघडं, आतलं पांढरं साटीन दिसावं म्हणून. शेजारी राखेचे कलश उंचीप्रमाणे लावलेले. एक मेणबत्ती आणि कुंडीत फर्न. आत टेबलाशी बसलेल्या दुकानमालक ब्रेंडलने मान वर केली, ओळखीचे चेहरे बघून उठला आणि धंद्याला शोभेल अशा मंद अदबीने वाकून नमस्कार केला.

"चल," ती स्वतःलाच म्हणाली. पाय हलला नाही.

वेंडेलिन एरवी अशा वेळी उत्साहाने पुढे वाकायचा. काचेत नेमकं काय आहे, किमतीची चिठ्ठी कुठे आहे, ते चोरून बघायचा. आज तो जागचा हलला नाही. त्याच्या खिशातला तिचा हात त्याने घट्ट धरला आणि मग आणखी घट्ट. पोटरी नेहमीपेक्षा जास्त वेळ अडून बसली. इतका वेळ की ब्रेंडलने दुसऱ्यांदा नमस्कार केला आणि दार उघडावं की नाही या विचारात पुढे येऊन उभा राहिला.

घरी त्याने चीज घातलेल्या श्पेट्झले शेवयांना हात लावला नाही. वर परतलेला कांदा होता, तोसुद्धा तसाच.

"काय झालं?"

"काही नाही. दुपारी केक खाल्ला."

दुपारी केक नव्हता.

सकाळी आफ्रा उठली तेव्हा त्याची बाजू रिकामी होती. ती शाल घेऊन हौदाकडे निघाली. वाटेत एकदा पोटरीसाठी थांबली, कुंपणाला धरून. हौदापाशी अजून बायका आल्या नव्हत्या. पाद्र्याच्या पुतळ्याखाली वेंडेलिन बाकावर बसला होता, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय उघडे. ते पाय तिने असे दिवसाउजेडी क्वचितच पाहिले होते.

"तू? इथे?"

"म्हटलं, तू ज्यावर इतका विश्वास ठेवतेस ते एकदा करून बघावं. उशीर झाला थोडा. सगळ्यालाच उशीर केला मी."

"वेंडल…"

"थांब, मला बोलू दे. नाहीतर माझ्याच्याने होणार नाही." तो पाण्याकडे बघत होता. "तुला हवं ते सगळं आणेन मी. बॅरोमीटर आण म्हणालीस, आणलं."

"मी म्हणाले नव्हते."

"न म्हणता आणलं. टोपी आणली. ते बूट आणले. पण ती पेटी मी आणणार नाही, चिमणे. तुला डॉक्टरांनी काय सांगितलंय ते मला माहीत नाही, तू बोलत नाहीस. पण ते मी विकत घेणार नाही. काचेसमोर कितीही वेळ उभी राहा."

आफ्रा त्याच्या शेजारी बसायला पुढे झाली. तेवढ्यात तो उठला, कठड्याला धरून हौदात उतरला आणि "आई गं!" असा ओरडला की झाडावरच्या कावळ्यांनी जागा बदलली. मग काय करावं हे न सुचून तीही मोजे काढून आत उतरली. दोघं कठड्याच्या दोन बाजूंनी चालू लागली. तो करकोच्यासारखा नाही, चिखलात रुतलेल्या म्हशीसारखा चालत होता.

"पाय वर! पुरता वर, पाण्याबाहेर!" जुनी सवय तोंडातून निघालीच.

"वर काढला तरी गार, आत घातला तरी गार. लोक यासाठी पैसे देतात?"

कळ उठली तशी दोघं बाहेर आली आणि बाकावर बसली. तिने त्याला पाणी हाताने निपटायला शिकवलं. त्याचे पाय बघता बघता लाल झाले, भाजलेल्या पावासारखे. "अरे वा!" तो म्हणाला. "झिणझिणतंय! आतून तापतंय!" कौतुकाने त्याने तिच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या, मग पुन्हा तिच्या.

आफ्राने मोजा घ्यायला हात पुढे केला. त्याने मोजा आधी उचलला.

"हा का असा आहे?"

"कसा?"

"आफ्रा, मी आयुष्यभर रंग बघून पाव बाहेर काढले. तीन गुलाबी, एक पांढरा. हा भट्टीत गेलाच नाही." त्याने तिचं डावं पाऊल दोन्ही तळव्यांत धरलं आणि त्याचा चेहरा बदलला. "तळघरातल्या कणकेसारखा गार आहे. कधीपासून?"

मग तिने सांगितलं. पोटरीतली मूठ, चार पावलं, थांबणं, काचा. आईची घोंगडी. घोंगडीखालची रिकामी बाजू सांगताना ती पाद्र्याच्या नाकाकडे बघत राहिली. वेंडेलिनने पाऊल सोडलं नाही. ऐकताना तो ते नकळत चोळत राहिला, अंगठ्याने, कणीक मऊ करावी तसा.

त्याने ते पाऊल मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे बॅरोमीटर…"

"नको होतं."

"खार?"

"नको."

"टोपी?"

"टोपी बरी आहे रे. पीस काढलं तर."

"बूट?" आणि ती काही बोलायच्या आत तोच हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला आणि पुसता पुसता पुन्हा हसायला. "आणि ब्रेंडल! त्याने दोनदा नमस्कार घातला! त्याला वाटलं आपण मापं बघायला आलोय!"

वाल्ली आणि बायका वळणावर दिसल्या तेव्हा गावातला पाण्याचा एकमेव नास्तिक लाल पायांनी बाकावर बसलेला होता, बायकोचा पाय मांडीवर घेऊन. वाल्लीने पुतळ्याच्या नाकाला हात लावला आणि म्हणाली, "बाबा, तुझी कमाल आहे."

---

डॉक्टर श्टाडलर तरुण होती, केस आखूड कापलेले, बोलणं सरळ. तिने आफ्राला झोपवलं, घोट्यावर थंड चिकट मलम लावलं आणि पेनासारखं एक यंत्र त्यावर टेकवलं. उजव्या घोट्यातून आवाज आला: शुक्‌, शुक्‌, शुक्‌, जोरकस, कुणीतरी झाडू मारावा तसा. डाव्यावर तिला जागा शोधावी लागली. मग सापडला तो लांबून आल्यासारखा, दाराआड कुणी उसासे टाकावेत तसा. मग दंडाचा रक्तदाब घेतला, घोट्याचा घेतला. डावीकडचा दंडाच्या अर्ध्यावरच अडला.

"मांडीतली धमनी अरुंद झालीय. बसून असताना पोटरीला रक्त पुरतं. चालताना स्नायू जास्त मागतो, ते पोचत नाही, म्हणून तो आवळतो. थांबलं की मागणी कमी होते. आमच्याकडे याला दुकानांच्या काचांचा आजार म्हणतात. रोगी लाजेपोटी प्रत्येक काचेसमोर थांबतात."

वेंडेलिनने बायकोकडे पाहिलं. "याला नावसुद्धा आहे! आणि मी दुकानं रिकामी करत सुटलो!"

"गार पाणी," डॉक्टर म्हणाली, "या पायाला पूर्ण बंद. निरोगी पायाच्या वाहिन्या आकसतात आणि परत उघडतात, व्यायाम होतो. इथे रक्त मुळातच कमी पोचतंय. आकसलेल्या उघडायच्या कशाच्या जोरावर?"

आफ्राचा चेहरा पडला. हे तिला कुणी सांगायला नको होतं, इतरांना तिनेच सांगितलं होतं. "गार पायावर गार पाणी," ती पुटपुटली. "मीच म्हणायचे." मग घसा साफ करून विचारलं, "आणि हातांचं? दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात, आणि पाणी हळूहळू ऊन करत न्यायचं. हात तापले की पायही तापतात. मी पाहिलंय पाहुण्यांत."

"खरं आहे. एका अवयवाला ऊब मिळाली की दुसऱ्याच्याही वाहिन्या थोड्या सैल होतात. खुशाल करा, बरं वाटेल. पण त्याने धमनी उघडणार नाही. गोळ्या मी देते. औषध मात्र चालणं. दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, गेलं की पुन्हा चालायचं. रोज. अरुंद धमनीला वळसा घालून बारीक वाटा रुंद होतात, आणि स्नायूही आहे त्या रक्तात भागवायला शिकतो. सप्टेंबरअखेर परत मोजू. नाही सुधारलं तर आत फुगा घालून धमनी उघडावी लागेल."

"आणि पाय…" आफ्रा म्हणाली. "माझ्या आईचा…"

"तुमच्या आईचं मी पाहिलं नाही. तुमच्या पावलाला जखम नाही, झोपेत दुखत नाही. आज आलात. वेळ आहे." डॉक्टरने चष्मा काढला. "फिरायला बरोबर कुणी आहे?"

"मी आहे," वेंडेलिन म्हणाला, दोघींपैकी कुणी श्वास घ्यायच्या आत.

---

त्या उन्हाळ्यात बेकरीच्या माळ्यावरून लाकडी काथवट खाली आली, ज्यात वेंडेलिनच्या बापाने कणीक मळली होती. रोज जेवणाआधी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली जाई, आफ्रा बाह्या वर करून दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवून बसे आणि वेंडेलिन केटलीतून बारीक धारेने ऊन पाणी सोडत राही. भांडण ठरलेलं.

"थर्मामीटर बघ."

"बोट घालून कळतं. यीस्टला किती लागतं ते मला माहीत आहे."

"मी यीस्ट नाही."

"फुगतेस तर तशीच."

पाणी तापत गेलं की तिच्या कपाळावर घामाचे थेंब यायचे. मग तो केटली ठेवून टेबलाखाली वाकायचा, तिचं डावं पाऊल हातात धरायचा आणि निकाल द्यायचा. "तळघर." काही आठवड्यांनी, "तळघराची पायरी." हौदात ती आता उतरत नव्हती, काठावर उभी राहून बायकांवर ओरडायची. आधी त्याचं तिला वाईट वाटलं. मग कळलं की काठावरून जास्त चुका दिसतात.

आणि संध्याकाळी चालणं. मूठ आवळली की ती सांगायची, तो थांबायचा. आता काचेकडे बघायची गरज नव्हती, पण बघायची सवय राहिली. तो चोरून किंमत बघायला वाकला की ती म्हणायची, "खबरदार!" खणलेला रस्ता बुजवल्यावर, ऑगस्टमध्ये, घड्याळवाल्यापासून लोकरीच्या दुकानापर्यंतचं अंतर तिने पहिल्यांदा न थांबता तोडलं. मध्ये टोपीवाली गेली ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

पण सप्टेंबरात कुरणांवरून गाईगुरं खाली उतरायची वेळ आली आणि आफ्रा पुन्हा मिटली.

दरवर्षी गाव चौकात कळपाची वाट बघतं. आफ्रा आणि वेंडेलिन मात्र लग्नाआधीपासून वर जायचे, ओढ्याकाठच्या वाटेने, पहिल्या फाटकापर्यंत. तिथे गुराख्यांना ताजा पाव द्यायचा आणि फुलांचे मुकुट घातलेल्या गाई फाटकातून आत येताना बघायच्या. वर्षातली तेवढी एकच सकाळ तो भट्टी सोडून यायचा.

"या वर्षी तू एकटा जा. मी वाल्लीबरोबर चौकात उभी राहीन."

"का?"

"सपाट रस्त्यावरचं वेगळं, हा चढ आहे. तिथे मी वाटेतच बसले तर गुरं माझ्या अंगावरून जातील. आणि वर पोचले नाही तर…" ती थांबली. पोचले नाही तर कळून चुकेल, असं तिला म्हणायचं होतं. मोजायला डॉक्टर लागणार नाही.

वेंडेलिनने वाद घातला नाही. गाई उतरायच्या सकाळी तो लवकर उठला, पाठपिशवी भरली, "पुतण्याकडून पाव आणतो," म्हणून गेला आणि यायला फारच वेळ लावला. परत आला तेव्हा त्याच्या बुटांना चिखल होता.

"बेकरीत चिखल?"

"चल. कोट घाल. पहिल्या वळणापर्यंत. दुखलं की परत."

पहिल्या वळणाच्या थोडं अलीकडे पोटरीत मूठ आवळायला लागली. तिने कुंपणाकडे हात नेला आणि थबकली. कुंपणाच्या खांबावर हिरवी बनातीची टोपी होती. पीस काढलेलं.

"अगं बाई."

"काय?" तो निरागसपणे म्हणाला. "वर दुकानं नाहीत ना. कशासमोर थांबणार तू?"

ती टोपीकडे बघत उभी राहिली. मूठ सुटली. टोपी तिने डोक्यावर चढवली. पुढे, चढ जिथे खरा सुरू होतो, तिथे बर्चच्या बुंध्याला बॅरोमीटर टांगलेलं होतं आणि लखलखीत उन्हात ठामपणे वादळ दाखवत होतं. तिथे ती जरा जास्त वेळ थांबली. तो शेजारी उभा राहून दुकानदाराच्या आवाजात सांगू लागला, "खास पितळ आहे, बाई. फक्त खोटं बोलतं, म्हणून स्वस्त." अळंबीचा कुंचला एका दगडावर मिळाला. तो कुठे लावावा हे न सुचून त्याने शेजारी खरीखुरी अळंबी ठेवली होती, बहुधा विषारी. आणि लहानशा पुलापाशी, लार्चच्या फांदीवरून, दोन प्रचंड काळे रबरी बूट उलटे लटकत होते. प्रत्येकाला त्याने गाईसारखा पानाफुलांचा हार घातला होता. तिथे आफ्राला पोटरीपेक्षा हसण्यानेच जास्त थांबावं लागलं.

वरून घंटा ऐकू यायला लागल्या होत्या. आधी एखादी, तुटक. मग सगळ्या एकत्र, पितळी भांड्यांची गाडी गडगडत यावी तशा.

"घाई नको," तो म्हणाला. "अजून एक राहिलंय."

ते फाटकाच्या अलीकडे होतं. उंच खांबावर लाकडी खार, शेपटी वर, तोंडात अक्रोड. आफ्राने ती लांबूनच पाहिली आणि चालत राहिली. श्वास लागला होता, मांड्या भरून आल्या होत्या, दोन्ही, सारख्याच. पोटरीत ती मूठ कुठे आहे म्हणून ती आत कान लावून बघत होती. मूठ होती, पण उघडी होती. ती खारीला मागे टाकून पुढे गेली आणि तिचा हात फाटकाच्या आडव्या दांड्यावर पडला.

"अगं!" मागून वेंडेलिनचा आवाज आला, दुखावलेला. "खार! तिच्याकडे बघितलंही नाहीस! तिचा अक्रोड बसवताना माझं बोट चेमटलं."

पहिली गाय वळणावर आली होती, डोक्यावर मुकुट, गळ्यात बादलीएवढी घंटा. आफ्राने दांडा सोडला. ती वळली आणि पुन्हा खाली आली, त्या खांबापर्यंत. पाय अजिबात दुखत नव्हता. ती खारीसमोर उभी राहिली, मान एका बाजूला कलती करून, आणि नीट, निवांत बघू लागली.